तारखेपर्यंतचे दिवस

(अंतरवाली सराटी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे. तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं बाकावरून उठत नसत, असं त्यांच्याबद्दल मघाशी इथं सांगितलं गेलं. घंटा झाल्यावरही मूल उठत नाही, तेव्हा त्याला कोण धरून ठेवतं? कीर्तनात रात्रीचे अकरा वाजले, सकाळी कामाला जायचंय, तरी माणूस चपलेकडं बघत नाही, तो कशामुळं? कथा, कादंबरी, नाटक यांत ताण कसा उभा राहतो आणि तोच ताण आपल्या घरात, गावात, चावडीवर कसा साठत जातो, हा माझा आजचा विषय आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आरक्षणाचा कायदा, टक्केवारी, न्यायालयातले युक्तिवाद यांवर बोलायला जाणकार मंडळी आहेत. मी कथा-कादंबरी वाचणारा माणूस. पण अंतरवाली सराटीत उभं राहून ताणाबद्दल बोलायचं आणि या गावाबद्दल बोलायचं नाही, हे काही मला जमणार नाही. ते योग्यही होणार नाही.

आपल्याला शाळेपासून असं वाटत आलंय की, पुढं काय होणार हे माहीत नसलं की उत्सुकता वाढते आणि ताण तयार होतो. हे खरं आहे का? महाभारत घ्या. अभिमन्यू मारला जातो. तेराव्या दिवशी संध्याकाळी अर्जुन प्रतिज्ञा करतो की उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. पुढं काय होतं हे कोणाला ठाऊक नाही? 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' ही तर आपली रोजची म्हण झाली. शेवट लहान पोरालाही पाठ आहे, तरी कीर्तनकार हा प्रसंग लावतो तेव्हा मांडवात चिटपाखरू हलत नाही.

का हलत नाही? व्यासांनी तिथं एक वेळ ठरवून दिली, सूर्यास्ताची. आणि मग त्या एका दिवसाला द्रोणपर्वात केवढी तरी जागा दिली. घोडे थकतात, त्यांना पाणी पाजावं लागतं. कौरवांची एक फळी फोडली की दुसरी उभी. ऊन कलायला लागतं. प्रत्येक अडथळा अर्जुनाला थोडा थोडा उशीर करतो. ऐकणाऱ्याचं लक्ष जयद्रथाकडं कमी आणि सूर्याकडं जास्त असतं. शेवट माहीत असण्या-नसण्याशी या ताणाचा संबंध नाही. वेळ ठरलेली आहे आणि तिथवर पोचणं लांबत चाललंय, त्यातून तो आलाय.

जाणता कीर्तनकार हे जाणतो. सूर्य झाकला गेला, जयद्रथानं मान वर काढली, की तो नेमका तिथंच थांबतो. टाळकऱ्यांकडं बघतो. 'विठ्ठल विठ्ठल' सुरू होतं. पाच मिनिटं जातात, सात मिनिटं जातात. कोणी उठतं का? नाही उठत. थांबायचं कुठं हे त्याला कळलेलं असतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, तो परत गोष्टीवर येणार यावर मांडवाचा विश्वास असतो. हा विश्वास ध्यानात ठेवा, पुढं मला तो लागणार आहे.

आता आपल्या गावाकडं येऊ.

२९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी इथं उपोषणाला बसले. त्या महिन्याची आठवण करा. पावसानं ओढ दिली होती. हवामान खात्याच्या नोंदीत तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. कापूस माना टाकत होता, सोयाबीन फुलोऱ्यात करपत होतं. पोळा तोंडावर आलेला. म्हणजे मांडव पडायच्या आधी गाव आभाळाकडं बघून तंग झालेलंच होतं.

१ सप्टेंबरला संध्याकाळी लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. गावकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. सुरुवात कोणी केली याची दोन बाजूंची दोन म्हणणी आहेत. पुढं गृहमंत्र्यांनी त्या लाठीमाराबद्दल क्षमाही मागितली. त्या रात्रीपासून अंतरवाली सराटी हे नाव घरोघरच्या टीव्हीवर गेलं. पण मी तुम्हाला विचारतो, २९, ३० आणि ३१ ऑगस्ट या तीन दिवसांत या गावाचं नाव राज्यात किती जणांना माहीत होतं? बातमी १ सप्टेंबरला सुरू झाली. गोष्ट मात्र आधी सुरू झाली होती. त्या तीन दिवसांत इथं काय बोललं गेलं, कोणाच्या घरून भाकरी आल्या आणि कोण त्या खाऊ शकलं नाही, आलेला अधिकारी कोणत्या सुरात बोलला, पोरांचे आवाज कोणत्या दिवसापासून चढायला लागले, हे कोणी लिहून ठेवलं का? तुटतो तो क्षण वर्तमानपत्राचा असतो. ताणले जातात ते दिवस साहित्याचे असतात. या तीन दिवसांवर मराठीत अजून कथा आलेली माझ्या वाचनात नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचा सगळा काळ तारखांचा आहे. ७ सप्टेंबरला सरकारनं निर्णय काढला की ज्या मराठ्यांकडं निजामकाळातल्या वंशावळीच्या नोंदी असतील त्यांना ओबीसीतल्या कुणबी जातीचे दाखले मिळतील. त्यातल्या 'वंशावळ' या एका शब्दावर गाडी अडली. १४ सप्टेंबरला, उपोषणाच्या सतराव्या दिवशी, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे इथं आले आणि उपोषण सुटलं. सरकारला मुदत मिळाली चाळीस दिवसांची, २४ ऑक्टोबरपर्यंतची. २४ ऑक्टोबरला नेमका दसरा होता. मध्ये १४ ऑक्टोबरला इथंच शेतं मोकळी करून प्रचंड सभा झाली. गावोगावच्या वेशीत फलक लागले, पुढाऱ्यांना गावबंदी. आपट्याची पानं वाटताना त्या वर्षी माणसं एकमेकांना काय म्हणत होती, आठवतंय? सोनं घ्या, असं म्हणायचं आणि लगेच विचारायचं, 'मग, आज शेवटचा दिवस ना?'

२५ ऑक्टोबरला दुसरं उपोषण. या वेळी पाणीसुद्धा नाकारलं गेलं, उपचार नाकारले गेले. मांडवातली माणसं रडून रडून विनवण्या करत होती, घोटभर पाणी घ्या म्हणून. ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात आमदारांची घरं पेटवली गेली. २ नोव्हेंबरला निवृत्त न्यायमूर्ती इथं आले, बोलणी झाली, उपोषण सुटलं. पुन्हा तारीख. आणि कथेच्या अभ्यासकाला थक्क करील अशी गोष्ट इथं घडली. तारीख कोणती, यावरच एकमत नव्हतं. मांडव म्हणत होता २४ डिसेंबर, सरकार म्हणत होतं २ जानेवारी.

थोडा विचार करा. अर्जुनाचा सूर्य एक होता. कौरवांचा आणि पांडवांचा सूर्य वेगळा नव्हता. इथं मात्र एका बाजूचा सूर्य नऊ दिवस आधी मावळणार होता. कोणत्याही लेखकाला अशी कल्पना सुचली असती, तर त्यानं ती खोटी वाटेल म्हणून सोडून दिली असती.

त्यानंतरचं भराभर सांगतो. २० जानेवारी २०२४ ला इथून मुंबईकडं पायी मोर्चा निघाला. २७ जानेवारीला वाशीला सगेसोयऱ्यांनाही कुणबी दाखले देणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा हातात आला आणि गुलाल उधळला गेला. २० फेब्रुवारीला विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात दहा टक्क्यांचा वेगळा कायदा झाला, पण इथली मागणी ओबीसीतून आरक्षणाची होती. जूनमध्ये पुन्हा उपोषण, सप्टेंबरमध्ये पुन्हा. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा मुंबई, आझाद मैदान, आणि २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय. दोन वर्षांत एवढ्या तारखा. वाचकाच्या पदरात लेखकानं इतक्यांदा शेवट टाकून पुन्हा काढून घेतला असता, तर वाचकानं पुस्तक मिटून ठेवलं असतं. पण गावाला पुस्तक मिटता येत नाही. कीर्तनकार परत गोष्टीवर येईल हा विश्वास मांडवाला असतो, म्हणून तिथला ताण गोड असतो. तो विश्वास गेला की ताण तोच राहतो, पण तो माणसाला आतून पोखरायला लागतो. मुदत घेणं हे सरकारला वेळ मिळवायचं साधन वाटतं. मुदत घेणाऱ्यानं हे विसरू नये की समोरचा माणूस त्या मुदतीतला एकेक दिवस जगत असतो.

हे झालं तारखेबद्दल. आता दुसरी गोष्ट. ताण आकाशातून पडत नाही. तो आधीच कुठंतरी ठेवलेला असतो.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ सालचं नाटक. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी एका खेडेगावात प्रयोगासाठी आली आहे. ती ज्या सभागृहात उतरली आहे, ते साधारण आपल्या या सभागृहासारखंच असावं. पडदा उघडल्यावर अगदी सुरुवातीला काय होतं? लीला बेणारे ही शिक्षिका आणि गावचा सामंत आत येतात, आणि दाराच्या कडीत बेणारेचं बोट चिमटतं. सामंत त्या कडीची खोड सांगतो. ती पुरती सरकवली नाही, तर दार बाहेरून बंद होऊन बसतं. प्रेक्षक हसून सोडून देतो. कडीचं काय एवढं?

मग वेळ घालवायला खोटा खटला सुरू होतो. खेळ आहे, गंमत आहे. बेणारेला आरोपी केलं जातं. गमतीगमतीत प्रश्न तिच्या खासगी आयुष्याकडं वळतात. सहकाऱ्यांचे आवाज बदलायला लागतात. कोणत्या वाक्यापासून गंमत संपली, हे सांगता येत नाही. बेणारे पर्स उचलते, दाराकडं जाते, दार ओढते. दार उघडत नाही. कडी बाहेरून लागली आहे!

त्या क्षणी प्रेक्षागृहात जी कळ उठते, ती दार बंद झाल्याची नसते. ही कडी आपल्याला तासाभरापूर्वी दाखवली होती आणि आपण तिकडं लक्ष दिलं नाही, याची ती कळ असते. तेंडुलकरांनी आरडाओरडा न करता हे साधलं. खटला चढत जातो तशी बेणारे गप्प होत जाते. सगळ्यांत जास्त ताण त्या नाटकात तिच्या गप्प बसण्यात आहे.

मग आपल्या आयुष्यातली कडी कुठं असते? ती आपण आधी पाहिलेली असते का? मी म्हणतो, पाहिलेली असते, छापलेलीसुद्धा असते. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ साली आली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लेखकाची ही कादंबरी. तिच्यातला एकनाथ शेतकऱ्याचा मुलगा आहे, शिकलेला आहे. नोकरीसाठी संस्था पैसे मागते. पैसे म्हणजे जमीन. जमीन विकावी तर बाप जगणार कशावर, आणि न विकावी तर शिक्षणाचं करायचं काय? बायको शहरातल्या सुखाची आस लावून बसलेली. घरात कोणी खलनायक नाही. सगळी आपलीच माणसं आहेत, आणि तरी स्वयंपाकघरातल्या एकेका वाक्याला धार येत जाते. २०२३ साली इथल्या मांडवात बसलेल्या हजारो पोरांचं घर देशमुखांनी वीस वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. आपण ती कादंबरी वाचली, तिला पुरस्कार दिला आणि कपाटात ठेवली.

कडीची दुसरी गोष्ट तर प्रत्यक्षात कपाटातच होती. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मराठवाड्यातल्या तहसिलींमधली जुनी दप्तरं खाली उतरली. कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे. काही मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणारा माणूस शोधण्यापासून तयारी. त्या दिवसांत तहसिलीच्या ओट्यावर बसलेल्या माणसांची बोलणी तुम्ही ऐकली असतील. 'पाव्हणं, तुमची निघाली का?' काय निघाली, हे सांगावं लागत नव्हतं. नोंद. पणजोबाच्या जन्माच्या नाहीतर मरणाच्या ओळीपुढं एका कारकुनानं शंभर वर्षांपूर्वी टाकानं काय लिहिलं, किंवा लिहायचं राहून गेलं, यावर आजच्या पोरीचा प्रवेश ठरणार. एका भावकीत धाकट्या घराची नोंद निघते आणि थोरल्या घराची निघत नाही. एकाच आडनावाची, एकाच देव्हाऱ्याची, बांधाला बांध लागून असलेली दोन घरं. त्या संध्याकाळी एका घरात पेढे येतात. दुसऱ्या घरी ते पाठवायचे की नाही? पाठवावेत तर टोचल्यासारखं होईल, न पाठवावेत तर तुटल्यासारखं होईल. मराठी कथेला अजून काय पाहिजे?

तिसरी गोष्ट, आणि ती मला फार मोलाची वाटते. ताण कोणाच्या डोळ्यांनी दिसतो?

रा. रं. बोराडे आपल्याच मराठवाड्याचे. त्यांची 'पाचोळा' १९७१ ची. गावातल्या गंगाराम शिंप्याची ही गोष्ट. त्याच्या मानी स्वभावाची, बदलत्या काळात त्याच्या धंद्याच्या आणि संसाराच्या झालेल्या पडझडीची. पण सांगते कोण? त्याची बायको पार्वती. आपल्याकडच्या बोलीत, घरात बसून. भांडणं बाहेर होतात, अपमान बाहेर होतो. पार्वतीपर्यंत येतो तो नवऱ्याचा चेहरा, त्याचं न जेवणं, त्याचा चढलेला आवाज. जे घडलं ते तिला अर्धंच कळतं, आणि जे घडणार ते मात्र तिला आधी कळतं. ताण सोसणारा आणि ताण बघणारा अशी दोन माणसं असतात, आणि बघणाऱ्याला करता काही येत नाही. बोराड्यांनी कादंबरी त्या दुसऱ्या माणसाच्या हाती दिली, म्हणून ती पन्नास वर्षं टिकली.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत होती. टोमॅटोचा बाजार, पडत चाललेला भाव, गिऱ्हाइकांची घासाघीस, आणि शेवटी बाप आपलाच माल ओतून पायांखाली तुडवतो. तो क्षण सगळ्यांना आठवतो. पण ती कथा मुलाच्या डोळ्यांनी सांगितलेली आहे, हे किती जणांच्या लक्षात राहतं? बाप तुडवतो तेव्हा पोरगं बघत असतं. बापाचा हात धरायची त्याची छाती नाही आणि तिथून निघून जायचीही नाही. आणखी एक बघा, चंदनशिवांनी त्या बाजारात एकही राक्षस उभा केला नाही. भाव कमी करून मागणारं गिऱ्हाईकही गरीबच असतं. प्रत्येकानं थोडं थोडं ओढलं. तुटलं एकाचं.

म्हणून १ सप्टेंबरच्या संध्याकाळबद्दल लिहायचं झालं, तर मी लाठी धरणाऱ्या हातापासून किंवा दगड धरणाऱ्या हातापासून सुरुवात करणार नाही. त्या संध्याकाळी मांडवात लेकरू घेऊन बसलेली बाई होती. दिवसभर उन्हात उभा असलेला, स्वतःच शेतकऱ्याच्या घरचा असलेला शिपाई होता. दोघांनाही दुपारपासून काहीतरी जाणवत असणार. दोघांच्याही हातात काही नव्हतं.

आता थोडं मोसंबीबद्दल बोलतो, कारण ताणाचं शास्त्र या जिल्ह्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरच्या सुमाराला बागेचं पाणी तोडायचं. झाड ताणावर सोडायचं. हलक्या रानात महिनाभर, भारी काळ्या रानात त्याहून बरंच जास्त. पानं पिवळी पडतात, दुपारी माना टाकतात, गळायला लागतात. नवखा माणूस घाबरून पाणी सोडतो आणि बहार घालवून बसतो. जाणता माणूस रोज बागेत जाऊन पान हातात घेऊन बघतो. मग ताण तोडायची वेळ येते. तेव्हा तो पाट मोकळा सोडत नाही. आधी आंबवणीचं हलकं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं, मग हळूहळू नेहमीवर. असा बेतानं तोडला तर फूल लागतं. एकदम भरपूर पाणी दिलं तर आलेली कळी गळते. आणि ताण जास्त झाला तर फांद्यांना सल पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात काय झालं, हे इथं कोणाला सांगायला नको. तो ताण आपण दिलेला नव्हता आणि तो तोडणं आपल्या हातात नव्हतं. माणसांनी हातानं वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड घातली.

लेखक ताण देतो तेव्हा तो रोज बागेत जातो. कोणत्या पानावर किती सोसवेल हे त्याला ठाऊक असतं, आणि पाणी कधी सोडायचं हेही त्यानं मनाशी धरलेलं असतं. समाजातल्या ताणाला असा एक धनी नसतो. ओढणारे हात अनेक. एक हात दिल्लीत, एक मुंबईत, एक न्यायालयात, एक मांडवात. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा रद्द केला, त्या दिवशी पाणी तुटलं. पुढं दोन वर्षं बागेत किती जण फिरकले? पान हातात घेऊन कोणी बघितलं? आणि नंतर प्रत्येक वेळी आश्वासनाचं भरपूर पाणी एकदम सोडायचं, गुलाल उधळायचा, आणि पाट पुन्हा कोरडा. हे ज्यांच्या हातात होतं त्यांनी बेतानं आणि सतत बोलत राहायला हवं होतं. उपोषण सुरू झाल्यावर बोलायचं आणि सुटल्यावर गप्प व्हायचं, ही रीत कोणत्याही पक्षाची असो, मला ती क्रूर वाटते. कारण मग बोलणं सुरू ठेवायला कोणाला तरी पुन्हा उपाशी बसावं लागतं.

आता वडीगोद्रीबद्दल. ते नाव घेतल्याशिवाय मला इथून खाली उतरता येणार नाही. १३ जून २०२४ ला इथून काही किलोमीटरवर वडीगोद्रीला दुसरा मांडव पडला. लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषणाला बसले. ते २२ जूनपर्यंत चाललं. आता एकाच तालुक्यात दोन मांडव, दोन भुका. इकडच्या माणसाला वाटत होतं, आम्हाला मिळत नाही. तिकडच्या माणसाला वाटत होतं, आमचं जाणार. दोघांचीही भीती खरी होती. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्या भागातल्या हॉटेलांत काय झालं ते तुम्ही बघितलंय. वर्षानुवर्षं एका बाकड्यावर चहा पिणारी माणसं बाकडं बदलून बसायला लागली. कोणाच्या दुकानातून किराणा आणायचा, कोणाकडं दाढी करायची, यावर घराघरांत बोलणं व्हायला लागलं. कोणी आरडाओरडा केला नाही. 'नमस्कार' चालू होता, फक्त नमस्कारानंतरचं 'काय, पाऊस काय म्हणतो?' बंद झालं. मराठवाड्यात पावसाबद्दल बोलणं बंद होतं तेव्हा ताण कुठवर गेलाय ते ओळखावं.

या दोन मांडवांची कादंबरी अजून लिहायची आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या माणसानं लिहावी असं मला वाटत नाही. ती इथल्याच कोणीतरी लिहावी. तरुण मित्रांनो, जागा नाही म्हणून मागं भिंतीला टेकून उभे आहात, तुमच्यापैकीच कोणीतरी. मी बऱ्याच दिवसांपासून विचार करतोय की ती सांगावी कोणी. पुढाऱ्यानं सांगितली तर भाषण होईल. आंदोलकानं सांगितली तर एका मांडवाची होईल. बोराड्यांनी पार्वतीला जसं निवडलं, तसं कोणाला निवडावं?

समजा, प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक परिचारिका आहे. सकाळी एका मांडवात जाऊन उपोषणकर्त्याचा रक्तदाब मोजते, दुपारी दुसऱ्या मांडवात जाऊन तोच पट्टा दुसऱ्या दंडाला बांधते. दोन्हीकडं साखर उतरत चाललेली. दोन्हीकडं ती एकच वाक्य म्हणते, 'दादा, थोडं पाणी घ्या.' दोन्हीकडून एकच उत्तर येतं. आकडे वहीत लिहिते आणि वर कळवते. तिची स्वतःची जात आहे, तिचं गाव आहे, तिच्या घरातही नोंद निघायची आहे किंवा निघालेली आहे. रात्री नवरा विचारतो, 'आज तिकडं काय म्हणत होते?' आणि तिला कळत नाही की तो काळजीनं विचारतोय की टेहळणीसाठी.

ही बाई जे बघते, ते आपल्यापैकी कोणीच बघितलेलं नाही. तिच्या वहीतल्या आकड्यांनी कादंबरीचे दिवस मोजले जातील, तारखांनी नव्हे. तिच्या तोंडी आपल्याकडची बोली असावी, पुस्तकी मराठी नको. आणि लिहिणाऱ्याला माझी एकच विनंती. ३० ऑक्टोबरच्या जाळपोळीपासून सुरू करू नका, लाठीमारापासूनही करू नका. २९ ऑगस्टच्या सकाळपासून करा. आभाळ कोरडं आहे, सोयाबीन करपतंय, आणि वडीगोद्रीचा एक माणूस अंतरवालीच्या सोयऱ्याला फोन करून विचारतोय की तुमच्याकडं पाऊस झाला का. तिथून दोन मांडवांपर्यंत कसं पोचलो, ते पानापानानं लिहा, घाई करू नका. पहिला खर्डा झाला की संयोजकांकडं द्या. त्यांच्याकडून मला कळवा, मी वाचायला इथं येईन.